वॉशरखालचा ठिपका

दादाने मोटर आणली ती गोणपाटात गुंडाळून आणि मिस्त्रींना आणलं ते हाताला धरून. दोघांनाही त्याने माझ्या अंगणात सारख्याच काळजीने टेकवलं, मोटरला भिंतीशी आणि मिस्त्रींना खुर्चीत.

मिस्त्री म्हणजे आमचे वडील. घरात बाबा आणि वर्कशॉपमध्ये मिस्त्री, असा आमच्याकडे लहानपणापासूनचा नियम होता. मला वर्कशॉपमधून काढलं, त्या दिवसापासून मी त्यांना तोंडावर बाबा म्हणते आणि मनात मिस्त्री. कामावरून काढणाऱ्या माणसाला मनापासून बाबा म्हणायला जरा जड जातं.

"घरी कुणी नाहीये, बाबांना एकटं ठेवता येत नाही," दादा म्हणाला. हे त्याने माझ्या दाराच्या चौकटीला सांगितलं. बावीस वर्षं तो माझ्याशी असंच बोलतो. कधी चौकट, कधी घड्याळ, कधी शेजारी उभा असलेला कोणी तिसराच माणूस. मी समोर असते, पण नसते.

"मोटर गळतेय," त्याने चौकटीला पुढे सांगितलं. "पिन तीनदा बदलली. नवीन, पॅकबंद. तरी गळतेय. जुन्या मोटरी जमवणारा एक माणूस उद्या बघायला येणार आहे. चालू असेल तरच घेईन म्हणतो."

"आणि माझ्याकडे का आणलीस?"

यावर चौकट काही बोलली नाही. दादाने उजवा हात खिशात घातला. तो हात तो माझ्यासमोर नेहमी खिशातच ठेवतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटलेली आहेत आणि मनगटापर्यंतची कातडी सुरकुतलेली, गुळगुळीत, गुलाबी आहे.

मला कारण माहीत होतं. त्याला सीट काढता येत नव्हती.

आता हे थोडं सांगायला हवं. होडीच्या मागे लावायची ही मोटर माझ्याहून वयाने मोठी. तिच्या कार्ब्युरेटरमध्ये एक वाटी असते, वाटीत पितळी फ्लोट तरंगतो. पेट्रोल चढलं की फ्लोट चढतो आणि एक बारीक पिन वरच्या भोकात दाबतो, की पेट्रोल बंद. न्हाणीघराच्या टाकीत बॉल असतो ना, तसंच. ते भोक ज्या पितळी तुकड्यात असतं त्याला सीट म्हणतात. सीट झाकणात आट्यांनी घट्ट बसवलेली असते आणि तिच्या गळ्याशी एक लाल, कागदासारखा पातळ वॉशर असतो. पिन बदलायला दोन मिनिटं पुरतात. सीट काढायला मात्र घासून खास रुंद केलेला स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि दोन धड हात. दादाकडे स्क्रू ड्रायव्हर नव्हता, तो माझ्याकडे होता. आणि दादाकडे दोन धड हात नव्हते, ते माझ्यामुळे. निदान घरात तसंच ठरलेलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी याच मोटरचा हाच कार्ब्युरेटर मी उघडला होता. नवीन सीट, नवीन पिन, नवीन वॉशर घालून संध्याकाळी बंद केला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा होडी घेऊन निघाला. पेट्रोल गळून होडीच्या तळाशी साचलं होतं ते त्याला दिसलं नाही. मोटरची दोरी ओढली, ठिणगी पडली. काठापासून होडी वीस हातांवर होती म्हणून जीव वाचला. हात तेवढा गेला.

तेव्हा दादा मला सुई म्हणायचा. मी तशीच होते, काटकुळी आणि टोचणारी. त्या दिवसापासून त्याने मला कशानेच हाक मारलेली नाही. आणि मिस्त्रींनी चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "हिचं लक्ष नव्हतं. वॉशर घालायला विसरली. हिने आता कार्ब्युरेटरला हात लावायचा नाही." नंतर कशालाच हात लावायचा नाही असं झालं. नंतर लग्न झालं. आता मी शिलाईमशिनी दुरुस्त करते. त्यांना पेट्रोल लागत नाही.

मी कुणालाच दोष दिला नाही. खापर माझ्या डोक्यावर फुटलं होतं आणि ते माझंच आहे असं मलाही वाटत होतं. किती वेळा मी ती संध्याकाळ मनात पुन्हा केली असेल याला गणती नाही. सीट हातात घेतली, वॉशर घातला, फिरवला, घट्ट केला. दरवेळी वॉशर घातलेला आठवायचा. आणि दरवेळी वाटायचं, आपण आपल्या सोयीचं आठवतोय.

"मी दोन तासांत येतो," दादा म्हणाला. "मोटर बसवायचे बोल्ट आणायचेत." आणि तो गेला.

मिस्त्री खुर्चीत बसून होते. वय एक्याऐंशी. डोळे जवळजवळ गेलेले, पण ते मान्य करायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. कुणी आलं की ते त्याच्याकडे रोखून बघितल्यासारखं करतात आणि आवाज ऐकला की ओळखतात.

"चहा घ्याल?"

"आधी झाकण उघड," ते म्हणाले.

मी टेबलावरचं उघडलेलं शिलाईमशीन बाजूला सारलं, टेबल अंगणात मिस्त्रींजवळ ओढलं आणि मोटरचा कार्ब्युरेटर काढून घेतला. झाकणाच्या कडेला माझे तीन ठिपके अजून होते. ही आमच्या वर्कशॉपची पद्धत. कामाला हात लावणाऱ्याने पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, आपला ठिपका मारायचा. मिस्त्रींचा एक, दादाचे दोन, माझे तीन. जो बंद करेल त्याचे झाकणावर, आणि आतला जो भाग नवा घातला असेल त्यावरही, दिसणार नाही अशा जागी. काही बिघडलं तर कुणी बिघडवलं ते विचारत बसायला नको. नुसतं उघडून बघितलं तर ठिपका नाही, कारण बघणं हे काम नव्हे, असं मिस्त्री म्हणायचे. दादाने वर्कशॉप हातात आल्यावर ही पद्धत बंद केली. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय टोचलंय म्हणून.

त्या आगीनंतर मिस्त्रींनी ती तशीच गोणपाटात बांधून मागे ठेवून दिली होती. मी ती पुन्हा उघडलीच नव्हती, मला उघडू दिलीच नव्हती.

फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. पिन नवीन, टोक गुळगुळीत. झाकण उलटं धरलं, फ्लोटच्या वजनाने पिन भोकात बसली, आणि पेट्रोलच्या नळीतून तोंडाने फुंकलं. हवा जायला नको होती, पण जात होती, अगदी बारीक, फुस्स अशी. सीटच्या कडेला साबणाच्या पाण्याचं बोट लावलं आणि पुन्हा फुंकलं. पिनच्या टोकाशी काही नाही. बुडबुडे आले ते सीटच्या बाहेरून, आट्यांमधून.

"पिन नाही," मी म्हटलं. "सीटच्या बाजूने येतंय."

दादाने तीन काय, तीनशे पिना बदलल्या असत्या तरी हे थांबलं नसतं. दाराला कुलूप लावून भिंतीतल्या भगदाडाकडे पाठ करून बसण्यातला प्रकार. मी रुंद स्क्रू ड्रायव्हर घेतला, खाचेत बसवला, अंगाचा भार टाकला. सीट कुरकुरली आणि सुटली. मी ती तळहातावर घेतली.

वॉशर नव्हता. तुटलेला नाही, कुजलेला नाही, नव्हताच. लाल रंगाचा कणसुद्धा नव्हता.

म्हणजे मीच. बावीस वर्षं आठवत होते तो वॉशर मी घातलाच नव्हता. मी खाली बसले. मिस्त्रींना त्या क्षणी काय ऐकू येत होतं कुणास ठाऊक, ते मान वळवून माझ्या दिशेने बघत होते.

मग मी सीट उलटी केली. गळ्याशी, जिथे वॉशर बसला असता तिथे, ठिपका होता. एकच.

मी भिंग आणलं. शिलाईमशिनीच्या शटलसाठी ठेवलेलं असतं. भिंगातून बघितलं, उन्हात धरून बघितलं, नखाने खरवडून बघितलं. एक ठिपका. आणि सीटही माझी नव्हती. मी घातलेली नवीकोरी होती, हिची खाच झिजलेली, कडा गोलसर. मिस्त्रींच्या जुन्या डब्यातली. त्या डब्यातल्या सगळ्या सीटा मला तोंडपाठ होत्या.

"बाबा, हात पुढे करा."

त्यांनी हात पुढे केला. मी सीट त्यांच्या अंगठ्याखाली ठेवली. अंगठा तिच्यावरून एकदा फिरला, मग गळ्याशी गेला आणि तिथे थांबला. डोळे गेले असले तरी अंगठा अजून मिस्त्रीचाच होता.

"माझा आहे," ते म्हणाले.

"कधीचा?"

"तू घरी गेलीस ना, मग उघडला मी."

"का?"

"बघायला."

"तेव्हा तरी दिसत होतं का तुम्हाला?"

"बोटांना दिसत होतं." ते म्हणाले, "तुझी सीट मला खरखरीत लागली. नव्या मालावर माझा भरवसा नव्हता. म्हणून माझ्यातली घातली."

"आणि वॉशर?"

ते सीट अंगठ्याने फिरवत राहिले. बाहेर कुणीतरी सायकल उभी केली, स्टँड दगडावर घसरला.

"टेबलाखाली सापडला," ते म्हणाले.

"कधी?"

"त्याच दिवशी. तुम्ही सगळे दवाखान्यात होता तेव्हा."

मला वाटलं होतं की असं काही कळलं तर मी ओरडेन, भांडी फेकेन. माझा स्वभाव तसा आहे, नवऱ्याला विचारा. पण मी अगदी हळू आवाजात विचारलं, "मग चार दिवसांनी सगळ्यांसमोर माझं नाव का घेतलंत?"

"झाकणावर तुझे ठिपके होते."

"ते तुम्ही ठेवलेत म्हणून होते."

"हे बघ." त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, समजावणीचा होता, आणि तेच मला अजून सोसत नाही. "वर्कशॉप माझ्या हातावर चालत होतं. मिस्त्रीला दिसत नाही, मिस्त्रीचा हात चुकतो, हे एकदा बाहेर गेलं असतं तर कोण आलं असतं आपल्याकडे? सगळ्यांनीच उपाशी बसायचं का? आणि तू काय, तू जाणारच होतीस. आज ना उद्या लग्न होऊन गेलीच असतीस."

"मला जायचं नव्हतं."

"ते तू तेव्हा म्हणाली नाहीस."

खरं होतं ते. मी तेव्हा मूग गिळून बसले होते. भावाचा हात जाळणाऱ्या बाईने काय म्हणायचं असतं?

मी चहा केला. दुसरं काही सुचत नव्हतं. कप त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "दादाला सांगायचं. आज, तो आला की. मला वर्कशॉप नको, काही नको. दादाला फक्त एवढं सांगा की ते मी केलं नव्हतं."

ते फुंकर घालत चहा प्यायले.

"बरं," ते म्हणाले.

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. वडील होते माझे.

मग काम केलं. माझ्या डब्यातून नवी सीट काढली, तिला जोडीची पिन लावून बघितली; बाजारात सीटा-वॉशर दिसले की घेऊन ठेवायची माझी खोड अजून सुटलेली नव्हती. लाल वॉशर तेलात भिजवला. माझा पंच काढला. वर्कशॉप सोडलं त्या दिवशी तो माझ्या खिशात राहून गेला होता, तेवढीच माझी तिथली कमाई. सीटच्या गळ्याशी तीन ठिपके मारले, वॉशर चढवला, मिस्त्रींना चाचपायला दिला. त्यांनी मान हलवली. मग आवळला. झाकण उलटं धरून फुंकलं तर भिंतीत फुंकल्यासारखं, हवा तसूभर हलेना. झाकणावर नवे ठिपके मारले नाहीत. जुने होतेच. जुनी सीट मात्र मी माझ्या मुठीत ठेवली.

दादा आला तेव्हा मोटर अंगणातल्या पाण्याच्या पिंपावर चढवून तयार होती. त्याने पेट्रोलचा कॉक उघडला आणि खाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं. पंधरा मिनिटं तो त्या कागदाकडे बघत उकिडवा बसला. एक थेंब पडला नाही. मग त्याने डाव्या हाताने दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला मोटर सुरू झाली, पिंपातलं पाणी उसळून माझ्या साडीवर आलं, आणि तो जुना, जाडा, फटफट आवाज अंगणभर झाला. मोटर बंद केल्यावरही तो कागद कोरडाच होता, कडेचे शिंतोडे सोडले तर.

मी मिस्त्रींकडे बघितलं. दादानेही बघितलं, पूर्वी काम झाल्यावर बघायचा तसं.

मिस्त्री खुर्चीत ताठ झाले. घसा साफ केला.

"यावेळी नीट बसवली हिने," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं ही सुरुवात आहे, पुढे बोलतील. ते पुढे काही बोलले नाहीत.

आणि दादा हसला. मला बघून हसला, चौकटीला नाही. खिशातला हात बाहेर काढून त्याने तो कपाळावरून फिरवला, माझ्यासमोर, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"जमलं की गं सुये," तो म्हणाला. "जाऊ दे. झालं गेलं. मी तरी किती दिवस धरून बसू? लहान होतीस तू. माणसाकडून होते चूक."

तो मला माफ करत होता. अगदी मनापासून करत होता. मी गप्प बसले असते तर त्या दिवशी मला माझा भाऊ परत मिळाला असता. सुई ही हाक परत मिळाली असती, तो जेवायला थांबला असता. फक्त 'हो रे दादा, चुकलं माझं' एवढं म्हणायचं होतं.

नाही म्हणता आलं. मी मूठ उघडली.

"ही आतली सीट. माझी नाही ही. वॉशर नव्हता, आणि गळ्याशी ठिपका बघ."

दादाने सीट घेतली. बघितली, उन्हाकडे धरून बघितली. ठिपका त्याला दिसला हे मला दिसलं. त्याचे ओठ हलले, एक, असं मोजल्यासारखे. मग त्याने मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री मोटरकडे तोंड करून बसले होते.

दादाची नजर परत फिरली ती माझ्या टेबलावर गेली. तिथे भिंग होतं, माझा सीटांचा डबा उघडा होता, आणि पंच होता.

"ठिपका काय," तो हळू म्हणाला, "पंच तर तुझ्याकडेच आहे. आणि वॉशर नव्हता म्हणतेस, ते तर आम्ही पहिल्यापासून म्हणतोय. तूच विसरलीस."

"दादा, ही जुनी सीट आहे. त्यांच्या डब्यातली."

"सीटांनी तर तुझाही डबा भरलाय." त्याचा चेहरा बंद होत चालला होता. "मी सगळं विसरायला निघालो होतो आणि तू म्हाताऱ्या माणसावर ढकलायला निघालीस. त्यांना दिसत नाही म्हणून?"

"त्यांनाच विचार. मघाशी माझ्यासमोर कबूल केलंय." मी वळले. "मिस्त्री, सांगा त्याला."

बावीस वर्षांत मी त्यांना तोंडावर मिस्त्री म्हटलं नव्हतं. ते माझ्या आवाजाकडे वळले. क्षणभर वाटलं, बोलतील.

"काय सांगू?" ते म्हणाले. "मोटर चालली ना? मग कशाला उकरून काढता?"

दादाने जुनी सीट टेबलावर ठेवली, पंचच्या शेजारी, अगदी चिकटून. मग हात खिशात गेला. मोटर उचलायला तो पुन्हा बाहेर काढावा लागला, पण तेवढ्यापुरताच. मी मदतीला गेले तर त्याने मान हलवून नको म्हटलं. मोटर गाडीत ठेवून तो परत आला आणि मिस्त्रींना उठवू लागला.

"चला बाबा," तो म्हणाला. मला काही म्हणाला नाही. चौकटीलाही नाही.

गाडीपाशी मिस्त्री थांबले. त्यांनी दादाचा हात सोडला आणि गोणपाट बाजूला सारून मोटर चाचपली. कार्ब्युरेटर सापडला, झाकण सापडलं. अंगठा कडेवरून हळूहळू फिरला आणि थांबला. मी दारातच उभी होते.

"तीन आहेत," ते म्हणाले.

"आहेत," मी म्हटलं.

"मग ठीक," मिस्त्री म्हणाले आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या गळली तर कुणाचं ते कळेल."